उस्मानिया विद्यापीठाचा जन्म : एका शोधाची वाट

एखादे विद्यापीठ केव्हा स्थापन झाले, या प्रश्नाचे उत्तर सामान्यज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत सापडते. 'उस्मानिया विद्यापीठ, हैदराबाद, स्थापना १९१८.' विद्यार्थी ती ओळ पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि एक गुण मिळवतो. इतिहासाच्या संशोधकाचे काम मात्र त्या ओळीपाशी सुरू होते. विद्यापीठ कोणी काढले? कोणाच्या पैशाने काढले? कोणत्या भाषेत शिकवले? त्याआधी तेथे काय होते? आणि ज्या प्रजेच्या नावाने ते निघाले, त्या सर्व प्रजेच्या दारापर्यंत ते पोहोचले काय? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागले की एका ओळीचे एक मोठे पुस्तक होते.

हा विषय परभणीच्या वाचकांसमोर ठेवण्याचे कारण उघड आहे. १९४८ पर्यंत आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. औरंगाबाद, बीड, नांदेड, उस्मानाबाद आणि परभणी हे संस्थानातील मराठी भाषेचे पाच जिल्हे. १९९९ साली वेगळा झालेला हिंगोली जिल्हाही तेव्हा परभणीतच होता. १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ निघेपर्यंत आपल्या भागातील महाविद्यालयीन शिक्षणाची दोरी उस्मानिया विद्यापीठाच्या हाती होती. मनमाड-सिकंदराबाद या मीटरगेज रेल्वेने ट्रंक आणि वळकटी घेऊन हैदराबादला शिकायला गेलेले आजोबा किंवा पणजोबा आजही आपल्या कित्येक घरांच्या आठवणीत आहेत. 'उस्मानिया मॅट्रिक' हा शब्द जुन्या पिढीच्या तोंडून आपण ऐकलेला आहे.

पण या एका नावाविषयी आपल्या जिल्ह्यात दोन प्रकारे बोलले जाते. काही घरांत ते नाव अभिमानाने घेतले जाते : देशी भाषेत उच्च शिक्षण देणारे ते विद्यापीठ होते, असे सांगितले जाते. शेजारच्याच घरात त्याच नावाबरोबर एक सल निघते : आमच्या मराठीला तेथे माध्यमाचे स्थान नव्हते. या दोन्ही घरांतील मुले आज एका वर्गात, एका बाकावर बसतात. त्यांना आपण कोणता इतिहास सांगणार? माझ्या मते, कागद जेवढा बोलतो तेवढा सगळा. त्यातला निम्मा भाग झाकून ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही.

जन्मतारीख कोणती?

संशोधकाला पहिली अडचण येते ती सालाची. निजामाच्या राज्यात तीन कालगणना एकाच वेळी चालत. दरबारी फर्मानांवर हिजरी सन असे, महसूल आणि कारभाराच्या कागदांवर फसली सन असे, आणि इंग्रज रेसिडेंटशी होणाऱ्या पत्रव्यवहारात इसवी सन असे. विद्यापीठ स्थापन करण्याचे फर्मान सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी काढले ते ४ रज्जब १३३५ हिजरी रोजी. फसली सनाने ते १३२६ साल होते आणि इसवी सनाने २६ एप्रिल १९१७. संस्थानातील फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. त्यामुळे फसली आकड्यात वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांसाठी ५९० आणि जानेवारीनंतरच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवले की इसवी सन हाती येतो. हे साधे गणित ज्याला ठाऊक नाही, त्याला एकच घटना तीन वेगवेगळ्या वर्षी घडल्यासारखी वाटते.

बरे, साल जुळले तरी प्रश्न सुटत नाही. फर्मान निघाले १९१७ मध्ये. विद्यापीठाची सनद झाली १९१८ मध्ये. प्रत्यक्ष वर्ग भरले ऑगस्ट १९१९ मध्ये, तेही स्वतःच्या इमारतीत नव्हे. बशीरबाग भागात, निजाम कॉलेजच्या शेजारी घेतलेल्या जागेत. पहिल्या वर्षी इंटरमीजिएटच्या वर्गात सव्वादोनशे विद्यार्थी होते आणि शिक्षक पंचवीस होते. आज आपण छायाचित्रांत जी भव्य आर्ट्स कॉलेजची इमारत पाहतो, त्या नव्या परिसराची पायाभरणी १९३४ साली झाली आणि इमारतीचे उद्‌घाटन डिसेंबर १९३९ मध्ये झाले. म्हणजे वीस वर्षे हे विद्यापीठ मिळेल त्या जागेत शिकवत होते! जागेच्या पाहणीसाठी प्रसिद्ध नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचा सल्ला घेतला गेला होता. आराखडा जास्पर या बेल्जियन वास्तुतज्ज्ञांचा, आणि तो पूर्ण करून घेतला झैन यार जंग यांनी. आपल्या मराठवाड्यातील अजिंठा-वेरूळच्या स्तंभांची छाया त्या इमारतीच्या खांबांवर दिसते.

मग जन्मतारीख कोणती धरायची? हुकूम निघाला ती, सनद मिळाली ती, पहिला तास झाला ती, की इमारत उभी राहिली ती? माझ्या वर्गातील मुले अशा वेळी हमखास विचारतात, "सर, परीक्षेत कोणते साल लिहायचे?" परीक्षेत १९१८ लिहावे, कारण कायद्याने विद्यापीठ सनदेपासून अस्तित्वात येते. पण वहीत चारही साले लिहून ठेवावीत आणि प्रत्येक सालापुढे त्या वर्षी नेमके काय झाले ते लिहावे. संशोधनाचा पहिला धडा हाच आहे : संस्थेचा जन्म एका दिवसात होत नसतो. विचार, हुकूम, पैसा, शिक्षक आणि इमारत ही पाच माणसे वेगवेगळ्या गाड्यांनी येतात. सर्व एकत्र जमली म्हणजे संस्था होते.

फर्मानाच्या मागे काय होते?

दुसरा धडा असा की फर्मानावर सही एकाची असते, पण त्यामागे अनेकांचे कष्ट असतात. १९१७ च्या फर्मानाच्या आधी एक अर्जदाश्त, म्हणजे सविस्तर निवेदन, निजामांपुढे गेले होते. ते तयार करणारे अकबर हैदरी मुंबईचे होते. १८६९ चा जन्म, सेंट झेवियर्स कॉलेजात शिक्षण आणि हिंदुस्थान सरकारच्या हिशेब खात्यात नोकरी. १९०५ साली ते हैदराबादला हिशेब खात्याचे प्रमुख म्हणून आले आणि पुढे गृहखात्याचे सचिव झाले. स्वतः इंग्रजीत शिकलेल्या या हिशेबी माणसाने मुद्दा मांडला तो भाषेचा. परक्या भाषेत शिकताना विद्यार्थ्याची शक्ती भाषा पेलण्यातच खर्च होते, विषय बाजूला राहतो, पाठांतर वाढते आणि शिकलेला वर्ग आपल्याच लोकांपासून तुटतो, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून शिक्षण उर्दूतून द्यावे आणि जगाशी संबंध राहावा यासाठी इंग्रजी हा विषय सर्वांना सक्तीचा ठेवावा, अशी त्यांची योजना होती. पुढे विद्यापीठाची घडी याच धोरणाने बसली.

पण हैदरी यांच्याही मागे जावे लागते. १८५० च्या दशकात सालारजंग यांच्या काळी हैदराबादेत दारुल उलूम हे विद्यालय निघाले होते. १८८७ मध्ये निजाम कॉलेज निघाले, ते मद्रास विद्यापीठाला जोडलेले होते. म्हणजे राज्य निजामाचे, परीक्षा मद्रासची आणि भाषा इंग्रजी! जमालुद्दीन अफगाणी १८७९ नंतर काही काळ हैदराबादेत राहिले होते. लोकांच्या भाषेतून विद्या आली पाहिजे, हा विचार त्यांनी तेथे लेखांतून मांडला. १८८४ च्या सुमारास विल्फ्रिड ब्लंट या इंग्रज गृहस्थांनी हैदराबादेत विद्यापीठ काढण्याची सूचना केली होती. ती योजना कागदावरच राहिली. परंतु संशोधक अशा कागदावर राहिलेल्या योजनांनाही मोल देतो, कारण तीस वर्षांनी उगवलेल्या रोपाचे बी त्यात असते.

आणि पैसा? विद्यापीठ राज्याच्या खजिन्यातून चालले, आणि त्या खजिन्याचा मोठा आधार जमीन महसूल हा होता. जिंतूर, पाथरी, गंगाखेडच्या शिवारात कापूस आणि ज्वारी पिकवणाऱ्या शेतकऱ्याने भरलेला सारा त्या खजिन्यात जात होता. संस्थापक म्हणून त्याचे नाव कोणत्याही शिलेवर नाही. पण हिशेबाच्या वह्या नीट वाचणाऱ्या संशोधकाला तो दिसतोच.

शब्दांचा कारखाना

उर्दूतून शिकवायचे ठरले, पण शिकवायचे कशावरून? रसायनशास्त्र, अर्थशास्त्र, पाश्चात्त्य तत्त्वज्ञान या विषयांची महाविद्यालयीन पुस्तके उर्दूत नव्हतीच. म्हणून वर्ग भरण्याआधी, १९१७ मध्येच, भाषांतराचे एक स्वतंत्र खाते उघडले गेले. तेच प्रसिद्ध दारुत्तर्जुमा. विद्यापीठाच्या जन्माचा विचार करताना मला सर्वांत महत्त्वाची घटना हीच वाटते. विद्यार्थ्याच्या हाती पुस्तक आधी दिले आणि इमारत वीस वर्षांनी दिली, यातच त्या मंडळींची समज दिसते.

या खात्याचे पहिले प्रमुख मौलवी अब्दुल हक. त्यांचे आणि मराठवाड्याचे नाते जवळचे होते. ते औरंगाबादला शिक्षण खात्यात अधिकारी होते. 'अंजुमन तरक्की-ए-उर्दू' या संस्थेचे काम त्यांनी अनेक वर्षे औरंगाबादहून चालवले. १९२३ मध्ये निघालेल्या औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजचेही ते प्राचार्य होते. मराठी भाषेवर फारसीचा जो परिणाम झाला, त्यावर त्यांनी उर्दूत स्वतंत्र पुस्तक लिहिले. उर्दूचा एवढा मोठा कैवारी मराठी शब्दांचा अभ्यास करीत बसतो, ही गोष्ट आपल्या मुलांना मुद्दाम सांगण्यासारखी आहे.

भाषांतराचे काम वाटते तितके सोपे नव्हते. एकेका शास्त्रीय शब्दासाठी समित्या बसत. इंग्रजी शब्द तसाच ठेवावा, अरबी धातूवरून नवा घडवावा, की बोलीतला चालता शब्द घ्यावा, यावर वाद होत. वहीदुद्दीन सलीम यांनी तर परिभाषा कशी घडवावी या विषयावर एक ग्रंथच लिहिला. अब्दुल माजिद दर्याबादी, नज्म तबातबाई, पुढे जोश मलिहाबादी अशी नामवंत मंडळी या खात्यात काम करून गेली. शेकडो पुस्तके तयार झाली. पुढे वैद्यक आणि अभियांत्रिकीही उर्दूतून शिकवली गेली. हिंदी भाषांतून उच्च ज्ञान देता येत नाही, असे म्हणणाऱ्यांना ते एक प्रत्यक्ष उत्तर होते. दूर बंगालमध्ये रवींद्रनाथ टागोरांनी या प्रयोगाचे मनापासून स्वागत केले.

'पहिले' हा शब्द तपासून घ्यावा

गौरवाच्या भाषणांत 'पहिले' हा शब्द फार स्वस्तात वापरला जातो. संशोधकाने तो वाण्याच्या तराजूत घालून पाहावा. उस्मानिया हे देशी भाषेतून शिकवणारे 'पहिले' विद्यापीठ, असे आपण सर्रास म्हणतो. पण १९१६ मध्ये, म्हणजे फर्मानाच्या एक वर्ष आधी, महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी पुण्यात महिला विद्यापीठ सुरू केले होते आणि तेथे शिक्षणाचे माध्यम मराठी होते. जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती वाचून कर्व्यांना ती प्रेरणा झाली होती. त्याही आधी, १८४० च्या दशकात, दिल्ली कॉलेजात गणित आणि विज्ञान उर्दूतून शिकवले जात होते आणि त्यासाठी पुस्तके भाषांतरित होत होती.

मग उस्मानियाचे वेगळेपण कशात? कर्व्यांच्या विद्यापीठाला तेव्हा सरकारी सनद नव्हती. कायद्याची मान्यता त्याला पुष्कळ उशिरा, स्वातंत्र्यानंतर मिळाली. दिल्ली कॉलेज हे विद्यापीठ नव्हते. राज्याच्या सनदेने, राज्याच्या खर्चाने, सर्व विद्याशाखांसाठी देशी भाषा स्वीकारणारे विद्यापीठ म्हणून उस्मानियाचा मान खराच आहे. शब्द थोडे वाढले, पण विधान पक्के झाले. ज्या विधानाला कोणी उठून खोटे म्हणू शकत नाही, तोच खरा गौरव होय. आणि गंमत पाहा, जपानचे उदाहरण हैदराबादेतही डोळ्यांपुढे होते. संस्थानचे शिक्षण संचालक रॉस मसूद, म्हणजे सर सय्यद अहमद खान यांचे नातू, १९२२ मध्ये मुद्दाम जपानला जाऊन तेथील शिक्षण पाहून आले आणि त्यावर त्यांनी पुस्तक लिहिले. पुण्याचे कर्वे आणि हैदराबादचे मसूद, दोघेही एकाच देशाकडे पाहत होते : जो देश स्वतःच्या भाषेत शिकून पुढे आला त्या देशाकडे.

ज्यांची भाषा राहून गेली

आता दुसरी बाजू. १९०१ च्या जनगणनेनुसार हैदराबाद संस्थानची लोकसंख्या सुमारे १ कोटी ११ लाख होती. त्यांत तेलुगू बोलणारे शेकडा ४६, मराठी बोलणारे २६, कानडी बोलणारे १४ आणि उर्दू बोलणारे साधारण १०. हे आकडे हैदरींच्या युक्तिवादाशेजारी ठेवून पाहा. परक्या भाषेत शिकल्याने विद्यार्थ्याची शक्ती वाया जाते, हा युक्तिवाद बिनतोड होता. पण तोच युक्तिवाद सेलूच्या मराठी मुलाने किंवा वरंगळच्या तेलुगू मुलाने केला असता, तर त्याला काय उत्तर होते? त्याच्यासाठी इंग्रजी परकी होती आणि वर्गातली ग्रांथिक उर्दूही परकीच होती. प्राथमिक शाळेत त्याला मराठी मिळे, पण वर चढू लागला की शिडीची भाषा बदले. मराठी, तेलुगू, कानडी हे विषय म्हणून शिकता येत. माध्यम म्हणून नाही.

यावर राज्यकर्त्यांचे म्हणणे असे होते की उर्दू ही राज्यकारभाराची भाषा आहे आणि चार भाषांच्या प्रजेला जोडणारी भाषा तीच आहे. चार भाषांत चार विद्यापीठे चालवणे त्या काळी अवघड होते, हेही खरे. संशोधकाने हे म्हणणे प्रामाणिकपणे नोंदवावे. पण शेकडा नव्वद लोकांच्या मुलांना जे सोसावे लागले, तेही तितक्याच प्रामाणिकपणे नोंदवावे. आपल्या खेड्यांतील मुस्लिम शेतकरी आणि कारागीर यांची मुले घरी दखनी आणि बाजारात मराठी बोलत. दारुत्तर्जुम्याची अरबी-फारसी शब्दांनी भरलेली उर्दू त्यांनाही घरची वाटत नसणार. प्रश्न केवळ धर्माचा होता, असे समजणे त्यामुळे बरोबर नाही. तो भाषेचा होता, आणि शहर व खेडे यांतील अंतराचाही होता.

१९३८ च्या अखेरीस 'वंदे मातरम्' म्हणण्यास वसतिगृहांत बंदी झाली तेव्हा उस्मानियाचे आणि औरंगाबादच्या कॉलेजचे विद्यार्थी आंदोलनात उतरले. अनेकांना काढून टाकण्यात आले. नागपूर विद्यापीठाने त्यांना आसरा दिला. विद्यापीठाच्या इतिहासाचे हेही एक पान आहे आणि ते फाडून टाकता येत नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतीय संघराज्यात आले. त्यानंतर उस्मानियातील माध्यम बदलले. पण उर्दूच्या जागी मराठी, तेलुगू किंवा कानडी आली नाही, इंग्रजी आली. ज्या भाषेच्या ओझ्याविरुद्ध १९१७ चा अर्ज होता, तिच्याकडेच विद्यापीठ परत गेले. मराठी मुलाच्या अडचणीचे कारण पुढे झाले, पण ती अडचण सुटली नाही, ही इतिहासातील एक विलक्षण घटना आहे.

आपल्या दाराशी असलेला अभ्यास

हे सारे शोधायला हैदराबादलाच जायला हवे, असे नाही. परभणीतच एका विद्यापीठाचा जन्म अभ्यासता येतो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. वसंतराव नाईकांचे नाव त्याला २०१३ मध्ये मिळाले. पण निजामी राजवटीत परभणीला शेतीचे प्रयोगक्षेत्र सुरू झाले ते १९१८ मध्ये, म्हणजे उस्मानियाला सनद मिळाली त्याच वर्षी! कृषी महाविद्यालय निघाले १९५६ मध्ये, हैदराबाद राज्याच्या शेवटच्या वर्षी. तेव्हा परभणीच्या विद्यापीठाचे वय किती? १९७२ पासून मोजले तर एक उत्तर येते, १९५६ पासून दुसरे आणि १९१८ पासून तिसरे. उस्मानियाबाबत जो प्रश्न पडला, तोच इथेही पडतो. एखाद्या शाळेने सहलीऐवजी आठवडाभर या एका प्रश्नाचा पाठपुरावा केला, तर मुलांना इतिहास कसा लिहितात ते कळेल.

तीच गोष्ट मराठवाडा विद्यापीठाची. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते औरंगाबादला त्याचे उद्‌घाटन झाले. पण त्याआधी, १९५० मध्येच, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी औरंगाबादला आणि स्थानिक मंडळींनी नांदेडला महाविद्यालये काढली होती. पाया तेथे घातला गेला होता. १९९४ मध्ये दीर्घ लढ्यानंतर त्या विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव मिळाले, आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघाले. आपला जिल्हा आज त्याच विद्यापीठाच्या क्षेत्रात आहे. उस्मानिया, मराठवाडा, स्वामी रामानंद तीर्थ : एका जिल्ह्याने शंभर वर्षांत तीन विद्यापीठांचा अंमल पाहिला. औरंगाबाद आणि उस्मानाबाद या शहरांची नावेही २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव अशी झाली. उद्याच्या विद्यार्थ्याला जुना कागद वाचताना ही सारी नावे जुळवता आली पाहिजेत.

हे काम कोणी करावे?

येथे मला पालकांना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. निजामकालीन कागदपत्रे उर्दू आणि फारसीत आहेत. मराठी कागद मोडी लिपीत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी महाराष्ट्र सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा मराठवाड्याच्या कचेऱ्यांतील जुनी दफ्तरे उघडली गेली आणि उर्दू व मोडी वाचणाऱ्यांचा शोध सुरू झाला. जे ज्ञान निरुपयोगी म्हणून आपण सोडून देत होतो, त्याची गरज एकाएकी सर्वांना कळली.

आपल्या समाजातील मूल घरी उर्दू ऐकते आणि शाळेत-बाजारात मराठी बोलते. दोन भाषांची ही शिदोरी आपण ओझे समजतो. मुलाला एक भाषा धड येत नाही आणि दुसरीही येत नाही, अशी आपली तक्रार असते. पण त्याच मुलाला दोन्ही भाषा नीट वाचता-लिहिता आल्या आणि जोडीला मोडी व थोडी फारसी शिकवली, तर मराठवाड्याच्या इतिहासाची किल्ली त्याच्या हाती येते. निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांनी नेमके हेच केले. मराठी, उर्दू, फारसी, तेलुगू, कानडी अशा भाषा आत्मसात करून त्यांनी मोगलांची फारसी साधने मराठीत आणली आणि मराठ्यांच्या इतिहासात मोलाची भर घातली. त्यांनी भाषेला जात-धर्म लावला नाही. आपल्या मुलांनीही तो लावू नये.

सुरुवात घरापासून करावी. पेटीत आजोबांचे प्रमाणपत्र, फसली सनाची पावती, हैदराबादहून आलेले पोस्टकार्ड असेल, तर ते रद्दीत देऊ नका. त्याची छायाप्रत काढा आणि त्यावर कोणाचे, कोठले, कोणत्या सालचे हे पेन्सिलीने मागे लिहा. घरातील वृद्धांना ते कोणत्या भाषेत शिकले, गणित कोणत्या शब्दांत शिकले, हैदराबादला जाण्याचा खर्च कोणी दिला, हे विचारा आणि ते सांगतील तसेच टिपून घ्या. मात्र आठवण आणि कागद यांत तफावत दिसली, तर दोन्ही लिहा. एकासाठी दुसरे खोडू नका. शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरातही गावाचा इतिहास दडलेला असतो : कोणत्या वस्तीतून कोणत्या साली पहिले मूल शाळेत आले, मुली केव्हा आल्या, कोण कोणत्या इयत्तेत शाळा सोडून गेले.

आज पुन्हा मातृभाषेतील उच्च शिक्षणाची चर्चा सुरू आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने भारतीय भाषांवर भर दिला. २०२२ मध्ये मध्य प्रदेशात वैद्यकाची पुस्तके हिंदीत आली. हैदराबादेतच १९९८ पासून मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ चालू आहे. मुलाला उर्दू शाळेत घालावे, मराठी शाळेत की इंग्रजी शाळेत, हा प्रश्न जूनपूर्वी आपल्या प्रत्येक घरात पडतो. उस्मानियाचा इतिहास त्याचे तयार उत्तर देत नाही, पण दोन गोष्टी निश्चित सांगतो. आपल्या भाषेत मोठे ज्ञान आणता येते. मात्र त्यासाठी इमारतीआधी पुस्तके आणि शब्द तयार करणारी माणसे लागतात. आणि एकाची मातृभाषा दुसऱ्यावर लादली, तर उत्तम विद्यापीठही शेजाऱ्याच्या मनात सल ठेवून जाते.

या दोन गोष्टी ज्या विद्यार्थ्याला एकत्र सांगता येतील, अभिमानाने पहिली आणि न डगमगता दुसरी, तोच उस्मानिया विद्यापीठाचा खरा इतिहास लिहील. तो विद्यार्थी परभणीचा असावा, आणि शक्य झाल्यास आपल्याच शाळेतून निघावा, अशी माझी इच्छा आहे.